भायखळ्यात पाहण्यासारखे : दुसरीकडून येऊन येथे स्थिरावलेले सारे

मुंबई पाहायला आलेल्या माणसांची वाट बहुधा ठरलेली असते. गेटवे, मरीन ड्राइव्ह, वेळ उरला तर हाजी अली, आणि बरोबर लहान मुले असतील तर राणीची बाग. या शेवटच्या ठिकाणासाठी भायखळ्याला उतरलेली कुटुंबे पेंग्विन आणि वाघ पाहतात आणि आल्या वाटेने परत जातात. त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही, परंतु दर वेळी त्या गर्दीकडे पाहताना मनाला हुरहुर लागते, कारण त्याच आवारात आणि त्याच्याभोवती चालत गाठता येईल अशा अंतरावर एकोणिसाव्या शतकातील मुंबई जितकी दाटीवाटीने उभी आहे, तितकी ती फोर्ट वगळता शहरात फार थोड्या ठिकाणी आढळते. शिवाय भायखळ्याचे एक वैशिष्ट्य फोर्टलाही नाही. येथे जे जे पाहण्यासारखे आहे, त्यातील बहुतेक सारे मूळचे दुसरीकडचे आहे. कोणी आणले म्हणून, कोणी हुसकावले म्हणून, तर कोणी नशीब काढायला म्हणून, एक एक गोष्ट येथे येऊन पोहोचली आणि येथलीच झाली. हे सूत्र मनाशी धरून हिंडले, तर विखुरलेली वाटणारी ठिकाणे आपोआप एकमेकांशी जोडली जातात.

सुरुवात स्थानकापासूनच करावी, आणि गाडीतून उतरल्यावर जिन्याकडे धावण्याआधी थोडे थांबावे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली प्रवासी गाडी सुटली, तिच्या मार्गावरील अगदी सुरुवातीच्या स्थानकांत भायखळ्याची गणना होते. आरंभी येथे लाकडी बांधकाम होते. दगडी इमारत १८५७ मध्ये उभी राहिली. आज आपण ज्याला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतो, ती भव्य वास्तू त्यानंतर तीस वर्षांनी पूर्ण झाली, हे लक्षात घेतले म्हणजे या लहानशा, बसक्या इमारतीचे वय ध्यानात येते. अनेक वर्षे तिच्यावर रंगाचे थर, फलक आणि जोडकामे चढत गेली होती. अलीकडे तिचे काळजीपूर्वक जतन झाले आणि २०२२ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कारांत तिला गुणवत्ता पुरस्कार मिळाला. रोज लाखो पावलांखाली राहणारी वास्तू वापर न थांबवता पूर्ववत करणे किती जिकिरीचे असते, याची कल्पना असणाऱ्यांनी तर ती मुद्दाम पाहावी.

पूर्वेकडून बाहेर पडून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गाने चालू लागले की राणीच्या बागेचे फाटक येते. तिचे आजचे अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आहे. व्हिक्टोरिया गार्डन्स हे मूळ नाव. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ती लोकांसाठी खुली झाली. पण तिची कथा भायखळ्यात सुरू होत नाही. पश्चिम भारतातील कृषी व उद्यानविद्या संस्थेने शिवडीला एक वनस्पती उद्यान उभारले होते. ती जागा दफनभूमीसाठी घेण्यात आली आणि उद्यानाला नवे घर शोधावे लागले, ते येथे मिळाले. शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी आणि भायखळ्याची बाग अशा एकाच निर्णयाच्या दोन बाजू आहेत. त्यामुळे ही बाग मुळात झाडांसाठी जन्मली, प्राणी नंतर आले. म्हणून पिंजऱ्यांकडे वळण्यापूर्वी मान वर करून झाडे पाहण्याची विनंती मी प्रत्येकाला करतो.

सुमारे त्रेपन्न एकरांच्या या परिसरात तीन हजारांच्या आसपास वृक्ष आहेत, आणि त्यांतील कित्येक परदेशांतून आलेले आहेत. गोरखचिंच मूळची आफ्रिकेची. तिचा बुंधा एवढा फुगीर असतो की हे झाड आहे की कोणी रचलेली भिंत, असा क्षणभर प्रश्न पडतो. कैलासपती दक्षिण अमेरिकेतून आलेला. त्याची फुले शेंड्याला न येता थेट खोडातून फुटलेल्या लोंबत्या फांद्यांवर येतात, आणि जवळ जाऊन एक फूल निरखले तर जाड, मांसल पाकळ्यांच्या मधोमध फण्यासारखी वाकलेली पुंकेसरांची छत्री आणि तिच्याखाली एक गोलसर उंचवटा दिसतो. नागाच्या फण्याखाली शिवलिंग पाहणाऱ्यांनी त्याला हे नाव का दिले, ते समजावून सांगावे लागत नाही. मात्र या बागेची खरी मानकरी म्हणजे उर्वशी. ब्रह्मदेशातून आलेले हे झाड मुंबईत अगदी मोजक्या ठिकाणी आढळते. थंडीच्या दिवसांत ते फुलते तेव्हा फांद्यांवरून लांबच लांब लाल घोस खाली सुटतात आणि प्रत्येक फुलाच्या मोठ्या पाकळ्यांच्या टोकाला पिवळा ठिपका असतो. कोवळी पालवी सुद्धा तांबूस, मलूल लोंबणारी असते. ती कोमेजली आहे असे समजून पुष्कळ लोक पुढे निघून जातात, वस्तुतः तिचा तोच तारुण्याचा काळ असतो. साधारण २००७ च्या सुमारास या जागेचे मोठ्या, आधुनिक प्राणिसंग्रहालयात रूपांतर करण्याचा आराखडा पुढे आला, तेव्हा झाडांच्या काळजीने नागरिकांनी मोठी मोहीम उभारली, वृक्षांची मोजदाद केली आणि ही मुंबईतील जुनी वनस्पती बाग आहे हे लोकांसमोर ठामपणे मांडले. आज आपण ज्या सावलीतून चालतो, तिच्यात त्या मंडळींच्या चिकाटीचा वाटा आहे, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

पेंग्विनविषयी थोडक्यात सांगतो. ते हम्बोल्ट जातीचे आहेत. त्यांचे नैसर्गिक घर पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर. २०१६ मध्ये ते दक्षिण कोरियातील सोलहून येथे आणले गेले आणि २०१७ मध्ये लोकांना पाहता येऊ लागले. मुलांना ते आवडतात, आणि आवडणारच. परंतु सुट्टीच्या दिवशी तेथील रांग लांब असते, तेव्हा त्या रांगेत सारा वेळ खर्ची पडू नये एवढेच सुचवावेसे वाटते.

आता त्या वस्तूकडे वळू, जिच्यासाठी मी दूरगावच्या स्नेह्यांनाही वाट वाकडी करून भायखळ्याला घेऊन जातो. संग्रहालयाच्या इमारतीसमोर, मोकळ्या आवारात, काळ्या दगडाचा एक भला मोठा हत्ती उभा आहे. त्याच्या अंगाखांद्यावर खेळावे असे मुलांना वाटते, आणि मोठी माणसे त्याच्याजवळ उभे राहून छायाचित्र काढून घेतात. तो कोण आहे हे विचारणारे फार थोडे. घारापुरी बेटाला पोर्तुगिजांनी ‘एलिफंटा’ हे नाव ज्याच्यावरून दिले, तोच हा हत्ती. शतकानुशतके तो त्या बेटाच्या दक्षिण किनाऱ्याजवळ उभा होता आणि बंदरात शिरणाऱ्या परकी खलाशांना दिसत होता. १८१४ मध्ये त्याचे डोके आणि मान निखळून पडली. त्यानंतर अर्ध्या शतकाने, १८६४ मध्ये, तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना यारी (क्रेन) तुटली, धूड खाली कोसळले आणि त्याचे तुकडे तुकडे झाले. मोडका हत्ती विलायतेला कोण नेणार? ते तुकडे या बागेत आणून ठेवण्यात आले आणि १९१४ मध्ये कॅडेल आणि ह्यूएट या दोघांनी ते पुन्हा जुळवून हत्ती उभा केला.

त्याच्याजवळ जाऊन सावकाश पाहावे. अंगावर जोडाच्या रेघा आहेत. काही ठिकाणी मूळ दगडाचा पोत खडबडीत, झिजलेला, समुद्रावरच्या वाऱ्यापावसाने खाल्लेला आहे, तर काही ठिकाणी तुकड्यांमधील जागा भरून काढलेली स्पष्ट कळते. माझ्या मते या रेघा झाकल्या गेल्या नाहीत हे फार चांगले झाले. सोन्यारुप्याच्या मूर्तींसमोर जी नम्रता येत नाही, ती या भग्न, सांधलेल्या जनावरासमोर येते. यारी तुटली नसती, तर घारापुरीच्या हत्तीला भेटण्यासाठी आपल्याला लंडनचे तिकीट काढावे लागले असते, हा विचार तेथे उभा असताना माझ्या मनातून जात नाही.

हत्तीच्या मागे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. हे मुंबईतील सर्वांत जुने संग्रहालय. आपल्या परिचयाचे फोर्टमधील मोठे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय जनतेसाठी १९२२ मध्ये उघडले, हे त्याच्या पन्नास वर्षे आधी, २ मे १८७२ रोजी. याचा संग्रहही स्थलांतरितच. १८५१ चे लंडनचे आणि १८५५ चे पॅरिसचे प्रदर्शन यांसाठी या प्रांतातून जिनसा गोळा होऊ लागल्या, तेव्हा तशाच वस्तूंचे एक संग्रहालय मुंबईतही असावे ही कल्पना निघाली. प्रथम फोर्टमधील लष्करी बराकीत वस्तू मांडल्या गेल्या; १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत ती जागा लष्कराला हवी झाली आणि सारा पसारा टाऊन हॉलमध्ये हलवावा लागला. स्वतंत्र इमारतीसाठी शहरातील प्रतिष्ठितांनी वर्गणी उभी केली, त्यांत नाना शंकरशेट आणि भाऊ दाजी होते. १८६२ मध्ये पायाभरणी झाली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेव्हा इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना भारतीय कापसाची निकड होती आणि मुंबईत पैशाचा पूर आला होता. १८६५ मध्ये ते युद्ध संपले, कापसाचा बाजार कोसळला, मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. इमारत पूर्ण व्हायला पायाभरणीपासून दहा वर्षे लागली.

ज्यांचे नाव १९७५ मध्ये या संग्रहालयाला देण्यात आले, ते भाऊ दाजी गोव्यातून मुंबईत आलेले. येथून जवळच असलेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांपैकी ते एक. कुष्ठरोगावर देशी औषध शोधण्यासाठी त्यांनी खटपट केली, अजिंठ्याच्या शिलालेखांचे वाचन केले, प्राचीन भारताच्या इतिहासावर लिहिले, दोनदा मुंबईचे शेरीफ (नगरपाल) झाले, आणि १८७४ मध्ये त्यांचे निधन झाले. एका माणसाच्या आयुष्यात एवढे सारे मावले, हे वाचून थक्क व्हायला होते. व्हिक्टोरिया राणी आणि तिचा नवरा अल्बर्ट यांची जुनी नावे उतरवून त्या जागी कोणाचे नाव यावे याचा याहून उचित निर्णय झाला नसता, असे माझे प्रामाणिक मत आहे.

आत शिरल्यावर पहिल्यांदा डोळे दिपतात ते अंतर्भागाने : ओतीव लोखंडाचे सडपातळ खांब, सोनेरी नक्षी, हिरवट रंग, पायाखाली इंग्लंडहून आलेल्या मिंटन फरशा, आणि मध्यभागी राजपुत्र अल्बर्टचा संगमरवरी पुतळा. २००३ ते २००८ या काळात महानगरपालिका, वारसा जपणारी संस्था इन्टॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून या वास्तूचा जीर्णोद्धार केला आणि त्यासाठी २००५ मध्ये युनेस्कोचा उत्कृष्टता पुरस्कारही मिळाला. तथापि या झगमगाटात अडकून न राहता वरच्या मजल्यावरील मातीच्या लहान मूर्तींकडे जावे. मुंबई प्रांतातील निरनिराळ्या जातीजमातींची माणसे, त्यांचे व्यवसाय, पोशाख, शेतीची कामे, खेळ असे सारे काही वीतभर उंचीत साकारलेले आहे. काचेला नाक टेकवून पाहिले तर पगडीचा पीळ, नेसूच्या निऱ्या, अवजारावर धरलेल्या बोटांची ठेवण इथपर्यंत बारकावा टिपलेला दिसतो. ही मांडणी परकी राज्यकर्त्यांना प्रजेची ओळख पटावी या हेतूने झाली होती, त्यामुळे माणसांचे नमुने करून ठेवण्याची वृत्ती तीत आहे, आणि ती मला खटकते. पण घडवणारे हात येथल्याच कारागिरांचे होते, आणि त्यांनी त्या चेहऱ्यांत जी ओळख ओतली आहे, ती हेतूपलीकडे गेलेली आहे. जुन्या मुंबईचे नकाशे आणि प्रतिकृती हाही याच मजल्याचा मोठा ठेवा; सात बेटे कशी सांधली गेली हे पुस्तकात वाचण्यापेक्षा तेथे उभे राहून लवकर उमगते.

संग्रहालयाच्या मागच्या बाजूचे अंगण पुष्कळांच्या नजरेतून निसटते. स्वातंत्र्यानंतर, १९६० च्या दशकात, रस्त्यांवरून आणि चौकांतून उतरवलेले ब्रिटिश अमदानीतील पुतळे येथे आणून ठेवले आहेत. गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस आहे, वेलस्ली आहे. नाक उडालेली व्हिक्टोरिया राणीही येथेच आहे. हिच्याच मुंबईतील पुतळ्याला १८९६ मध्ये दामोदर चापेकरांनी डांबर फासले होते. ज्या घोड्यावरून ‘काळा घोडा’ हा परिसर ओळखला जातो, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळासुद्धा १९६५ पासून राणीच्या बागेत आहे. तो यहुदी व्यापारी अल्बर्ट ससून यांनी शहराला दिला आणि १८७९ मध्ये उभारला गेला. आज काळा घोडा चौकात २०१७ मध्ये बसवलेला नवा, स्वाराविना घोडा दिसतो. पुतळे फोडून टाकण्याऐवजी ते जपून एका बाजूस ठेवण्याचा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांनी पुढच्या पिढ्यांवर उपकारच केले. फक्त प्रत्येकाजवळ तो मुळात कोठे होता आणि केव्हा हलवला, हे सविस्तर मराठीत लिहिलेले असावे अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे, कारण या पुतळ्यांची खरी गोष्ट त्यांच्या स्थलांतरात आहे.

येथून पुलावरून पश्चिमेकडे आले की दोन उड्डाणपुलांच्या बेचक्यात ‘खडा पारशी’ दिसतो. रोज त्याच्या जवळून जाणाऱ्यांनी त्याचे नाव ऐकलेले असते, पण गाडीतून त्याचा धड चेहराही दिसत नाही. सुमारे चाळीस फूट उंचीच्या ओतीव लोखंडी स्तंभावर उभे असलेले हे गृहस्थ म्हणजे शेठ कर्सेटजी माणेकजी. त्यांचे पुत्र माणेकजी कर्सेटजी यांनी वडिलांचे हे स्मारक १८६० च्या दशकात करवून घेतले. शिल्पकार जॉन बेल, ओतकाम इंग्लंडमधील कोलब्रुकडेलचे. माणेकजी स्त्रीशिक्षणाचे पुरस्कर्ते होते आणि मुलींसाठीची अलेक्झांड्रा शाळा त्यांच्या प्रयत्नाने १८६३ मध्ये सुरू झाली, म्हणून वडिलांबरोबर मुलाचेही स्मरण येथे व्हावे. स्तंभाच्या पायथ्याशी चार मत्स्यकन्या आहेत. त्या काळी हे कारंजे होते. पारशी पगडी आणि झगा घातलेला व्यापारी, त्याच्याखाली युरोपीय पुराणातील जलकन्या, आणि भोवती मुंबईची वाहतूक, असा हा मेळ दुसरीकडे कोठे पाहायला मिळेल? काही वर्षांपूर्वी त्याची डागडुजी झाली आहे. रस्ता ओलांडताना मात्र जपावे. पुलाखालून पाहणे सोयीचे आणि सुरक्षित.

सर ज. जी. मार्गावरील मागेन डेव्हिड सिनेगॉग त्याच दशकातले. ते बांधणारे डेव्हिड ससून बगदादहून छळाला कंटाळून निघालेले आणि १८३० च्या दशकात मुंबईत स्थिरावलेले. पुण्यातील लाल देऊळही त्यांचेच. निळसर रंगाची ही वास्तू, तिचे उंच खांब आणि घड्याळाचा मनोरा लांबूनच लक्ष वेधून घेतात. १९१० मध्ये जेकब ससून यांनी ती वाढवली. बगदादी यहुद्यांची मुंबईतील संख्या आता अगदी थोडी उरली आहे. आवारातील ससून यांच्या नावाच्या शाळांत आज बहुतांशी आसपासच्या मुस्लिम वस्तीतील मुले शिकतात, आणि जगात इतरत्र काय चालले आहे ते पाहता, या साध्या, रोजच्या गोष्टीचे मोल मला फार मोठे वाटते. आत जाण्यासाठी परवानगी लागते. ओळखपत्र जवळ ठेवावे आणि शनिवार टाळावा, तो त्यांचा शब्बाथ.

ग्लोरिया चर्च उंच गॉथिक मनोऱ्यामुळे सहज सापडते. त्याचा उगम १६३२ मधला, माझगावच्या डिसोझा ई लिमा या पोर्तुगीज घराण्याच्या आश्रयाखालचा. माझगावचे जुने चर्च १९११ मध्ये पाडले गेले आणि १९१३ पर्यंत भायखळ्याची ही इमारत उभी राहिली. म्हणजे चर्चसुद्धा आपले ठिकाण सोडून येथे आले.

ज्यांचे पाय अजून दमलेले नसतील, त्यांनी पूर्वेकडे माझगावात शिरावे. तेथे माथारपाखाडीत ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या मुंबईच्या मूळ ख्रिस्ती समाजाची जुनी लाकडी घरे आहेत. टिळकांच्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष आणि पुढे १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झालेले जोसेफ ‘काका’ बॅप्टिस्टा याच वस्तीतले. ही राहती घरे आहेत, तेव्हा दारांत डोकावणे आणि विचारल्याविना छायाचित्रे काढणे टाळावे. थोड्या अंतरावर १९१९ मधले एक लहानसे चिनी देऊळ आहे, शहरातील चिनी वस्तीची उरलेली खूण. गोदीमुळे येथे आलेल्या कँटनच्या लोकांनी ते बांधले, आणि चिनी नववर्षाला तेथे आजही मेणबत्त्या आणि उदबत्त्या लावायला लोक येतात.

हे सारे एका दिवसात होऊ शकते, परंतु मी दोन फेऱ्या सुचवीन : एक बाग, हत्ती आणि संग्रहालय यांची, आणि दुसरी पुलापलीकडची व माझगावची. पहिली सकाळी लवकर सुरू करावी, झाडे उन्हाच्या आत पाहून घ्यावीत आणि दुपारी संग्रहालयात शिरावे. उर्वशीसाठी थंडीचे दिवस उत्तम. बाग आणि संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद असतात, म्हणून तो वार सोडून कोणताही निवडावा. दुसरी फेरी माझगावला संपवल्यास हार्बर मार्गावरील डॉकयार्ड रोड स्थानक जवळ पडते, आणि परत भायखळ्यापर्यंत चालत यावे लागत नाही.